गुरुद्वाऱ्यापासून गंजगोलाईपर्यंत

नांदेडहून लातूरला मोटारीने निघालात की गोदावरी ओलांडल्यावर विष्णुपुरीच्या बाजूस विद्यापीठ व डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लागते. पुढे लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर, आष्टामोड आणि मग लातूर. राष्ट्रीय महामार्ग 361 चा हा भाग. बालाघाटाच्या टेकड्यांमधला चढउतार, दुतर्फा सोयाबीन आणि तूर, मध्येच एखादे रसवंतीगृह. पूर्वी हा प्रवास खड्ड्यांमुळे हाडे खिळखिळी करणारा होता. आता रस्ता सुधारला आहे, आणि माझ्या मते आपल्या वयाच्या माणसांनी सावध राहण्याची वेळ नेमकी इथूनच सुरू होते.

माळेगावला थोडे थांबा. मार्गशीर्षात इथे खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. घोडा घेणारा माणूस त्याचे दात पाहतो, पाठ चाचपतो आणि चाल पारखतो. वेगाची आवड आपल्या मातीला नवी नाही. शंकरपटही आपलाच, बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी वैध ठरवला. पण पटाला आखलेले मैदान असते, नियम असतात, आणि पाहणारा आपल्या मर्जीने धावपट्टीच्या कडेला उभा राहतो. महामार्गावर दुचाकींची चढाओढ लागते तेव्हा दूध घेऊन निघालेल्या आजींना आपण धावपट्टीवर उभ्या आहोत हे कुणी सांगितलेले नसते.

नांदेडमध्ये 2008 साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्ताने शहराचे रस्ते रुंद झाले आणि शहराचे रूप पालटले. लातूरची गोष्ट वेगळी. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मध्ये जगदंबेचे मंदिर, भोवती दुकानांची वर्तुळे, हातगाड्या, रिक्षा. आपल्यापैकी अनेकांना या गर्दीची धास्ती वाटते. खरे तर गोलाईत वाहन वेग घेऊच शकत नाही; तिथे धक्का लागला तर बहुधा खरचटण्यावर निभावते. घात होतो तो मोकळ्या, गुळगुळीत, सरळ रस्त्यावर. त्यातही रात्री उशिरा व पहाटे, म्हणजे तरुणांना रस्ता रिकामा मिळतो तेव्हा. आणि पहाटेच आपण फिरायला बाहेर पडतो.

थोडा हिशेब करू. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला सत्तरीच्या माणसाला साधारण आठ सेकंद लागतात. ताशी 80 किलोमीटर वेगाने येणारी दुचाकी सेकंदाला 22 मीटर कापते. म्हणजे तुम्ही पाऊल टाकता तेव्हा ती पावणेदोनशे मीटर दूर असली, तरी तुम्ही पलीकडे पोचेपर्यंत ती तुमच्यापर्यंत पोचलेली असते. वयानुसार आणखी एक फरक पडतो. समोरचे वाहन किती लांब आहे हे आपल्याला बरे कळते, ते किती वेगाने येते आहे हे मात्र नीट कळत नाही. ‘लांब आहे अजून’ असे म्हणत आपण निघतो. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्याचा झोत पसरून दिसतो आणि अंदाज आणखी चुकतो. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, आणि ठिसूळ झालेल्या खुब्याच्या हाडाला तेवढी लागतही नाही.

देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतील 32,825 पादचारी होते. महाराष्ट्रातील मृत्यू 15,224. सर्वाधिक मृत्यूंच्या मुळाशी अतिवेगच होता.

आता एक अवघड गोष्ट बोलायची आहे. लातूर शिकवण्यांचे शहर. नांदेडही त्याच वाटेवर. अकरावी-बारावीची मुले खोली करून राहतात, आणि ‘शिकवणीला लांब पडते’ म्हणून त्यांना दुचाकी दिली जाते. ती पुष्कळदा आजोबांच्या नावावर असते, किंवा नातवाच्या दहावीच्या गुणांबद्दल आजीने साठवलेल्या पैशांतून आलेली असते. प्रेमच ते, त्यात शंका नाही. परंतु सोळाव्या वर्षी कायदा फक्त 50 सीसीपर्यंतच्या वाहनाची मुभा देतो, आणि आज दुकानात मिळणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर जवळजवळ सर्वच त्याहून मोठ्या आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. नोंदणी पुस्तकावर तुमचे नाव असेल तर तो मालक तुम्हीच. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हाही वेगळा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पुण्याच्या कल्याणीनगरात 19 मे 2024 च्या पहाटे एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि राज्यभर संताप उसळला. मोटार मुलाच्या हाती दिल्याबद्दल वडिलांवर स्वतंत्र गुन्हा नोंदला गेला. आपण तो निबंध लक्षात ठेवला, किल्लीचा मुद्दा विसरलो. नांदेड-लातूरच्या घरांत पोर्शे नसेल, पण किल्ली आहे, आणि ती बहुधा देवघराशेजारच्या खुंटीवर असते. नातू रुसेल, दोन दिवस जेवणार नाही. सून म्हणेल, ‘मामा, सगळ्यांच्या मुलांकडे आहे.’ असे ऐकून घेण्याची ताकद घरात ज्येष्ठांइतकी कुणात नसते.

फिरायला जाताना शक्यतो मैदान किंवा बाग गाठा. रस्त्यानेच जावे लागले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चाला आणि अंगात फिकट रंगाचे कपडे असू द्या. पांढरी शाल बहुतेकांच्या घरी असतेच.

आणि काळजी घेणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. अपघात दिसला तर 108 वर फोन करा. ही रुग्णवाहिका विनामूल्य आहे. जखमीला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, मान हलू देऊ नका. मदत करणाऱ्याने स्वतःचे नाव सांगितलेच पाहिजे असे बंधन नाही. मदत केली म्हणून त्याच्यावर खटला भरता येत नाही. घरच्या ज्येष्ठांना दुचाकीचा नुसता कट लागून ते पडले, डोक्याला टेंगूळ आले आणि ‘काही नाही झालं’ म्हणत चहा प्यायले, तरी निर्धास्त होऊ नका. ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. इतरांच्या बाबतीतही कधीकधी मेंदूवरील आवरणाखाली रक्त हळूहळू साठते आणि दोन-तीन आठवड्यांनी त्रास सुरू होतो. डोकेदुखी, दिवसभर झोप, एका बाजूला झोक जाणे, नावे विसरणे असे दिसले तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. सिटी स्कॅन करून घ्या. वेळेत कळले तर साठलेले रक्त शस्त्रक्रियेने काढता येते आणि पुष्कळदा माणूस पूर्ववत चालू-बोलू लागतो. चालू गोळ्यांची नावे एका चिठ्ठीवर लिहून ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात किंवा बटव्यात आजच ठेवा, आणि खाली घरचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा.