आईनं कोरवलेला राजा

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी दिसायला कसा होता, हे आपल्याला त्याच्या आईनं सांगितलं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, आज तीन क्रमांकाचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्याच्या ओसरीत, मागच्या भिंतीवर दहा-अकरा लांबलचक ओळी कोरलेल्या आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. दान देणारी गौतमी बलश्री. लेख तिच्या दानाचा, पण त्यातली बहुतेक जागा तिनं मुलाला दिली आहे. उन्हानं उमललेल्या कमळासारखा चेहरा, पौर्णिमेच्या चंद्रासारखं दर्शन, गजराजासारखी चाल, भरदार बाहू, अभयाचं उदक सोडून सोडून सतत ओला राहणारा हात. राजाची स्तुती अशीच असते, म्हणून आपण वाचत पुढे सरकतो. आणि मग या सगळ्या थाटात एक वेगळंच विशेषण येतं: हा राजा आईची मनापासून सेवा करत असे. मजकूर रचणारा कुणी दरबारी कवी असेलही. पण ज्याच्या बळाची तुलना हिमालयाशी आणि मेरूशी केली, त्याच्याबद्दल हेही दगडावर यायला हवं, असं आईखेरीज कुणाला वाटलं असेल?

लेख कोरला गेला तेव्हा मुलगा हयात नव्हता. लेखावर नातवाचं, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं १९वं राज्यवर्ष आहे. उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस. बलश्री स्वतःची ओळख महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी करून देते. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली, तप-नियम-उपवासांत आयुष्य घालवणारी स्त्री, असंही स्वतःबद्दल सांगते. हे दुःख ताजं नाही. मुलगा गेल्यावर जवळजवळ दोन दशकं ही बाई जगली, नातवाचं राज्य तिनं पाहिलं, आणि उतारवयात डोंगराच्या पोटात एक लेणं तयार करवून ते भद्रायनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना दिलं. एवढ्या काळानंतर आठवणीतली माणसं निवळत जातात. त्यांचे दोष गळून पडतात, चेहरा उजळत जातो. त्या ओळींतला गौतमीपुत्र असा निवळलेला आहे.

सातवाहन घराण्यातल्या स्त्रियांनी दगडावर बोलणं नवं नव्हतं. बलश्रीच्या कितीतरी आधी नाणेघाटातल्या लेण्यात राणी नागनिकेच्या काळच्या लेखानं यज्ञांची आणि दक्षिणेची भलीमोठी यादी दिली होती. पण तिथे हिशेब आहे. इथे माणूस आहे, आणि माणूस आला की विसंगतीही येते.

बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राच्या प्रदेशांची नावं ओळीनं येतात: असिक, अश्मक, मूलक, सौराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर-अवंती. विंध्य, सह्य, मलय, महेंद्र अशा पर्वतांचा तो स्वामी. त्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायलेली. शक, यवन, पह्लव यांचा त्यानं नाश केला. क्षहरातांचा वंश निःशेष करून टाकला. आणि त्याच लेखात, याच राजाला, अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला आवडत नसे. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी थबकलो होतो. वंश निःशेष करणारा हात आणि जीव घ्यायला न धजणारा हात एकच कसा? पुढे पुढे मला वाटू लागलं की आईला दोन्ही खरं वाटत होतं, आणि दोन्ही तिला हवंही होतं. मुलगा विजयी हवा आणि तो क्रूर नसावा. लढाईवर गेलेल्या कुणाच्याही आईची हीच इच्छा असते.

हे निःशेष झालेले क्षहरात कोण, हे पाहायला डोंगर उतरावा लागत नाही. थोडं पुढे, दहा क्रमांकाच्या लेण्यात, क्षहरात कुळातल्या नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. तीन लाख गाईंचं दान, देवाब्राह्मणांना सोळा गावं, भृगुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा, विहिरी आणि तळी, तापी आणि डहाणूसारख्या नद्यांवर फुकट होडीची सोय. भिक्षूंच्या चीवरांसाठी त्यानं विणकरांच्या श्रेणींकडे कार्षापणं ठेव म्हणून ठेवली, त्यांवर महिन्याला व्याज ठरवलं, आणि मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असं बजावून ठेवलं. त्याच्या बायकोनंही, नहपानाच्या मुलीनं, दक्षमित्रेनं, तिथे एक खोली दान दिली. बलश्रीच्या लेखात जे कुळ फक्त नाश करण्यापुरतं येतं, ते शेजारच्या लेण्यात असं नांदतं माणूसपण घेऊन उभं आहे. इतिहासातल्या एका बाजूचाच दगड वाचून निकाल देऊ नये, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही तितकं या दोन लेण्यांमधल्या चार पावलांनी शिकवलं.

विजय मात्र खरा होता. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी मुळात नहपानाची. त्यांतली नऊ हजारांहून अधिक गौतमीपुत्रानं पुन्हा ठोकून घेतलेली. अशा एखाद्या नाण्याचं छायाचित्र मोठं करून पाहावं. खाली नहपानाचा बाजूनं दिसणारा चेहरा, नाक आणि हनुवटी अजून ओळखू येते, कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे. आणि त्या गालावरच तीन कमानींच्या टेकडीचा सातवाहनी ठसा दाबून बसवलेला. नाणी वितळवून नवी पाडण्याइतकी सवड काढली नाही, किंवा काढायची नव्हती. बाजारात ज्याच्या ज्याच्या हाती ते नाणं पडलं, त्याला राज्य बदलल्याची खबर आपोआप मिळाली.

लेखातली एक गोष्ट मला आजही टोचते. चार वर्णांचा संकर थांबवणारा, असाही गौतमीपुत्राचा गौरव त्यात आहे. टोचलंच पाहिजे. आईनं अभिमानानं सांगितलं म्हणून ती गोष्ट गोड होत नाही. पण काळ त्या शब्दांना फार मानलेला दिसत नाही. कान्हेरीच्या एका लेखात त्याच कुळातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी भेटते. ती कार्दमक वंशातली, शक महाक्षत्रपाची मुलगी. आणि इसवी सन १५०च्या सुमाराच्या जुनागढच्या लेखात महाक्षत्रप रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे त्याला बुडवलं नाही. बलश्रीनं अभिमानानं मोजलेली आकर-अवंती, अनूप, कुकुर, सौराष्ट्र, अपरान्त ही नावं तोपर्यंत रुद्रदामनाच्या यादीत जाऊन बसली होती. ज्यांचा समूळ नाश केला म्हणून सांगितलं, त्यांच्याच जातकुळीतली सून घरात आली आणि राज्य तिच्या नात्यावर तगलं.

मग हा राजा मोठा कशानं? मला उत्तर सापडलं ते स्तुतीच्या ओळींत नाही. त्याच ओसरीत गौतमीपुत्राच्या हयातीतले दोन हुकूम आहेत, आणि त्या साध्या सरकारी कागदांकडे लोक फारसं पाहत नाहीत. पहिला १८व्या राज्यवर्षाचा. लष्कराची छावणी गोवर्धन भागात, बेणाकटकात पडलेली आहे. तिथून राजा अमात्य विष्णुपालिताला कळवतो की पश्चिम काखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं, दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंना द्यावं. हरवलेल्या शत्रूची जमीन काढून घेतली, पण स्वतःच्या खजिन्यात घातली नाही, आणि शत्रूनंही ज्यांना दान केलं असतं अशा माणसांनाच दिली.

दुसरा हुकूम २४व्या वर्षाचा, अमात्य श्यामकाला. तो मला जास्त मोलाचा वाटतो. राजा म्हणतो की काखडीत दिलेलं शेत कसलं जात नाही आणि ते गाव वसलेलंही नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या आमच्या मालकीच्या राजशेतातली शंभर निवर्तनं या भिक्षूंना द्या. त्या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी ती खणू नये, प्रांताच्या अधिकाऱ्यांनी तिथे कारभार करू नये. लेख तयार करण्याच्या कामात लोटा नावाच्या द्वाररक्षिकेचंही नाव आहे.

गाव ओस का पडलं, हे हुकुमात लिहिलेलं नाही. पण पहिला हुकूम लष्कराच्या छावणीतून निघाला होता, आणि सैन्य गेलेल्या वाटेवरची शेतं कशी राहतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. राजानं दिलेलं दान कागदावर तसंच राहू देता आलं असतं. दान दिल्याचं पुण्य पदरात पडलंच होतं. तीन समुद्रांपर्यंत ज्याचं नाव, त्याला डोंगरावरच्या काही भिक्षूंची शेती पिकते की नाही, ही चौकशी करायला कुणी भाग पाडलं नव्हतं. तरी कुणीतरी त्याच्यापर्यंत तक्रार पोचवली, ती त्यानं ऐकून घेतली, आपलं दान कुचकामी ठरलं हे दगडावर कबूल केलं आणि आपल्या स्वतःच्या जमिनीतून भरपाई दिली. बलश्रीच्या लेखात म्हटलं आहे की तो धर्मानं जमेल तेवढाच कर घेई आणि प्रजेच्या सुखदुःखात सारखाच वाटेकरी होई. ते वाक्य खरं मानायला मला आधार मिळतो तो या हुकुमानं.

आणि हा हुकूम एकट्या राजाचा नाही. तो निघाला आहे राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि महादेवी राजमाता या दोघांच्या नावानं. राजमातेच्या नावामागे तिथे एक विशेषण जोडलं आहे: जिचा मुलगा जिवंत आहे अशी. त्या काळी ते मानाचं, भाग्याचं विशेषण असणार. शेजारच्या भिंतीवर तीच बाई मुलगा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी त्याचा चेहरा आठवते. ओसरीत उभं राहून मान वळवली की दोन्ही दिसतात.

म्हणून मी बलश्रीला नुसती दुःखी आई मानायला तयार नाही. ओस पडलेल्या शेताच्या निर्णयात तिचा शब्द होता. कारभार तिला कळत होता, आणि मुलाच्या कोणत्या गोष्टी पुढच्या माणसांपर्यंत पोचायला हव्यात, हेही. लेखाच्या शेवटी पुळुमावी या लेण्याच्या सजावटीसाठी एक गाव देतो आणि त्याचं पुण्य वडिलांना अर्पण करतो. तीन वर्षांनी, २२व्या वर्षी, तोच पुळुमावी लेण्याच्या खर्चासाठी दिलेलं सुदर्शन नावाचं गाव बदलून त्याऐवजी सामलिपद गाव देतो. दिलेलं दान तपासून पाहायचं, अडलं तर बदलून द्यायचं, ही आजी आणि बाप यांची रीत नातवानं चालवली.

त्या २२व्या वर्षाच्या हुकुमात इथल्या भिक्षूंना ‘देवीलेण्यात राहणारे’ म्हटलं आहे. तीन समुद्रांच्या स्वामीच्या नावावरून लेणं ओळखलं जात नव्हतं, राणीच्या नावावरून ओळखलं जात होतं. आपण मात्र त्याला क्रमांक देऊन मोकळे झालो, आणि सगळ्या डोंगराला पांडवांचं नाव, ज्यांचा या लेण्यांशी काही संबंध नाही. नाशिकला गेलात, पायऱ्या चढून वर पोचलात, तर सोबतच्या मुलांना ते नाव सांगा. देवीलेणं. गौतमी बलश्रीचं.