प्रकाश घट्ट होतो तेव्हा



मार्च २०२५ मध्ये 'प्रकाश गोठवला' अशी बातमी आली आणि आपल्या ग्रुपवर भरपूर फिरली. सोबत नेहमीची ओळ होतीच, 'आपल्या शास्त्रात आधीच लिहिलंय!' तर नक्की काय झालं आणि नक्की काय लिहिलंय, हे आज बघूया.

इटलीतल्या शास्त्रज्ञांनी अर्धवाहकाच्या बारीक पट्टीवर लेसर सोडला. तिथे प्रकाश आणि पदार्थातली ऊर्जा मिसळून पोलॅरिटॉन नावाचे कण तयार झाले. त्यांची रचना स्फटिकासारखी नेमाने झाली, तरी घर्षणाशिवाय वाहणाऱ्या द्रवाचे गुणही त्यांच्यात दिसले. या अवस्थेला सुपरसॉलिड म्हणतात. त्याआधी २०१३ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी अतिथंड रुबिडियमच्या अणूंमधून प्रकाशकण सोडले होते. एरवी एकमेकांतून आरपार जाणारे दोन कण तिथून जोडीनं बाहेर आले. म्हणजे उजेडाची वीट कुणी हातात घेतलेली नाही. पदार्थाच्या संगतीनं प्रकाश घनासारखा वागला, एवढंच.

आता आपल्याकडे या. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात अंधार, सावली, आतप म्हणजे उन्हासारखा उष्ण प्रकाश आणि उद्योत म्हणजे चांदण्यासारखा शीतल प्रकाश, हे सगळे पुद्गलाचे पर्याय सांगितले आहेत. कुंदकुंदाचार्यांच्या नियमसारात स्कंधांचे सहा प्रकार येतात. माती-दगड अतिस्थूल. तूप, पाणी, तेल स्थूल. ऊन-सावली स्थूल-सूक्ष्म, म्हणजे डोळ्यांना दिसते पण मुठीत येत नाही. आपलं निरांजनच बघा ना! पितळ, तूप आणि उजेड, तिन्ही पायऱ्या एकाच तबकात.

यात लेसर नाही की रुबिडियम नाही, आणि ते ओढूनताणून शोधायची गरजही नाही. आचार्यांना जीव आणि अजीव वेगळे करून दाखवायचे होते. उजेड कितीही मंगल वाटला तरी तो अजीवाच्याच बाजूला बसतो.

हे मला पोथीपेक्षा सासूबाईंकडून जास्त कळलं. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. आरतीचं तबक त्यांच्यापुढे नेताना माझा हात अडखळायचा. एकदा त्यांनीच विषय काढला, "अगं, उजेड गेला तो गेला. जाणणारी मी इथंच बसलेय की!" आणि जपमाळेचा पुढचा मणी ओढला.

पुद्गल घट्ट होईल, पातळ होईल, येईल, जाईल. जाणणं हा जीवाचा गुण, तो कुठल्या पट्टीवर गोठत नाही. पुढच्या स्वाध्यायाला पाचवा अध्याय काढाल, तेव्हा शेजारी एक निरांजन जरूर ठेवा.