कर्क, चिंबोरी आणि भांगाचे पाणी

‘कर्करोग’ हा शब्द आम्ही गेली वीस वर्षे वर्गात वापरत आलो, तो भाषांतरित शब्दाचे उदाहरण म्हणून. प्राचीन ग्रीक वैद्यांना गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या भासल्या आणि त्यांनी त्या रोगाला खेकड्याचे नाव दिले. ते नाव लॅटिनमार्गे युरोपीय भाषांत गेले आणि आपल्याकडे संस्कृत ‘कर्क’ला ‘रोग’ जोडून उतरले. सुश्रुतसंहितेत अशा गाठीसाठी ‘अर्बुद’ हा स्वतंत्र शब्द होता. तो वैद्यांच्या ग्रंथांतच राहिला. हा प्रवास सांगताना एक गोष्ट आम्ही आवर्जून दाखवत असू. मराठी माणसाला ‘कर्क’ म्हटल्यावर खेकडा दिसत नाही; फार तर रास आठवते. आतले रूपक विसरले गेले की शब्द व्यवहारात रुळतो, हा सिद्धान्त त्यावरून विद्यार्थ्यांना सहज पटे.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मात्र खेकडा विसरला जात नाही. तो तेथे पाटीत असतो, नांग्या सुतळीने बांधलेला, आणि त्याचे नाव चिंबोरी. बाहेरच्या जगाला ही वस्ती ठाऊक झाली ती २६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीमुळे; दहा दहशतवादी होडीतून याच किनाऱ्याला लागले होते. वस्तीचे त्याआधीचे आणि नंतरचे आयुष्य उंच इमारतींच्या सावलीत मासळी उतरवण्यात, जाळी विणण्यात आणि सुकटीला ऊन दाखवण्यात गेले आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आम्हांपैकी एकीचे हे माहेर, दुसऱ्याची सासुरवाडी. आईला हाक मारण्यात आता तेवढाही भेद उरलेला नाही.

आईला खोकला सुरू झाला तो २०२३च्या पावसाळ्यात. छातीच्या चित्रात डाग दिसला, आणि जवळच्या एका डॉक्टरांनी थुंकीत जंतू सापडण्याची वाट न पाहता क्षयाची औषधे सुरू केली. मुंबईत हे नवलाचे नाही. क्षय इतका सर्वत्र आहे, की फुफ्फुसावरची प्रत्येक सावली आधी त्याच्याच नावे जमा होते. फुफ्फुसाच्या गाभ्याला वेदना जाणवत नाही, त्यामुळे गाठ मुकाट्याने वाढत राहते. चार महिने गोळ्या झाल्या, वजन उतरत राहिले, छातीत पाणी झाले. ते पाणी काढून तपासले तेव्हा, २०२४च्या फेब्रुवारीत, खरे नाव कळले. आम्ही परळला टाटा रुग्णालयात गेलो.

आईला सांगायचे नाही, असे घरात एकमताने ठरले होते. मामा, काका, शेजारचे नाखवा, सर्वांचे म्हणणे एकच: नाव ऐकले की माणूस खचतो. पण आई चौथीपर्यंत शिकलेली, आणि मराठी पाटी दिसली की अक्षरे जुळवून वाचण्याची तिची जुनी सवय. रांगेत बसल्या बसल्या तिने भिंतीवरचा शब्द लावला आणि लेकीला विचारले, “कर्क म्हंजे काय गं?” व्युत्पत्ती शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला या प्रश्नाचे खोटे उत्तर देता येत नाही. “चिंबोरी,” लेक म्हणाली. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लोकं पैसे मोजून नेतात ती. मना फुकट भेटली.”

सुसान सोंटॅग या लेखिकेने स्वतः स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतल्यानंतर, १९७८ साली, ‘इलनेस अॅज मेटाफर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. क्षय आणि कर्करोग या दोन रोगांवर समाजाने चढवलेली रूपके रुग्णाला रोगाइतकीच छळतात, आणि रोगाकडे पाहण्याचा निरोगी मार्ग म्हणजे ती रूपके उतरवून ठेवणे, असा तिच्या विवेचनाचा आशय आहे. आमच्या आईच्या वाट्याला हे दोन्ही रोग आले. पहिला नुसता नावापुरता. सोंटॅगचे म्हणणे किती नेमके आहे ते मराठी वृत्तपत्र उघडले की कळते. कर्करोगाने गेलेल्या माणसाची ‘झुंज अपयशी’ ठरते. हृदयविकाराने गेलेल्याला असे कोणी पराभूत ठरवत नाही. झुंज म्हटली की कमी पडल्याचा ठपका आला, आणि तो मेलेल्यावरच येतो.

फुफ्फुसाच्या बाबतीत ठपका आणखी आधी सुरू होतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असे, “विडी ओढायच्या का?” आईने विडीला कधी हात लावला नाही. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे यात शंका नाही. पण टाटा रुग्णालयातील ४८९ रुग्णांचा जो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून किंचित अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते. आईच्या लहानपणी घरात लाकडाची चूल होती, पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला, आणि शहराची हवा तर सर्वांचीच. यांपैकी कशाने झाले ते एका माणसापुरते कोणालाच सांगता येणार नाही. तरी प्रश्न येतच राहतो, कारण विचारणाऱ्याला स्वतःच्या सुटकेची खात्री हवी असते.

तपासात ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला. धूम्रपान न करणाऱ्यांत तो अधिक आढळतो, आणि त्यावर गेफिटिनिब ही रोजची गोळी चालते. याच रुग्णालयातील डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या गोळीने रोग सरासरी ८ महिने आवरला गेला. गोळीला किमोथेरपीची जोड दिल्यावर १६ महिने. गंभीर दुष्परिणामही सुमारे दुप्पट झाले. डॉक्टरांनी हे सगळे आईसमोर सांगितले आणि तिने जोड घेतली. भावात तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

या दुष्परिणामांचे स्वरूप पुस्तकी भाषेत कळत नाही. गोळीने नखांच्या कडा सुजल्या, बोटांची कातडी चिरली. आमच्यासारख्यांना त्यामुळे खडू धरणे कठीण झाले असते. आईला कोळंबी सोलणे अशक्य झाले. मिठाच्या पाण्यात हात गेला की ती डोळे मिटून घेई. पहाटे ससून डॉकवर जाऊन माल उचलण्याचे चाळीस वर्षांचे काम तेथे थांबले. किमोनंतरचे काही दिवस मासळीचा वास सोसेना. आणि मच्छीमार नगरात त्या वासाला दार लावता येत नाही. शेजारणींनी न सांगता आपली सुकट दूरच्या टोकाला वाळत घातली. सहानुभूतीची बरीच भाषणे आम्ही ऐकली आहेत. ती सरकवलेली सुकट त्यांच्याहून मोलाची होती.

रोगासाठी आईने स्वतःचा शब्द शोधला, तो याच काळात. किमो दर २१ दिवसांनी असे. पहिल्या आठवड्यात ती पडून राही, मग हळूहळू उठे. कसे वाटते असे विचारले, की ती म्हणे, “भांग हाये.” अष्टमीच्या सुमारास समुद्राला भांगाचे पाणी असते, ओढ कमी, त्यामुळे डोलीत मासळी येत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. भांगात कोळी समुद्राशी झुंजत नाही. तो जाळे दुरुस्त करतो आणि पाणी फिरण्याची वाट पाहतो. तिची एकच तक्रार होती, की हे पाणी तिथीने चालत नाही, डॉक्टरांच्या वहीने चालते.

सोंटॅगला हे रूपकही नको वाटले असते काय, यावर आम्हा दोघांत मतभेद आहेत. एकाचे म्हणणे, रूपक ते रूपक. दुसरीचे म्हणणे, जे रूपक रुग्णाने स्वतःच्या धंद्यातून उचलले, आणि ज्यात कोणी जिंकत-हरत नाही, त्याला तो आक्षेप लागू पडत नाही. वाद मिटलेला नाही. असो.

यंदा रोग पुन्हा हलला. गोळीला दाद न देणारा नवा बदल रक्ताच्या तपासणीत दिसला आणि त्यासाठीची दुसरी गोळी सुरू झाली आहे. तीही कायमची नाही, हे आईला ठाऊक आहे. टाटा रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबे पथारी टाकून असतात. त्यांच्याकडे पाहून ती दर खेपेला म्हणते, आपण तरी रात्री घरी जातो. गेल्या आठवड्यात तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: नारळी पौर्णिमेपर्यंत हात बरे होतील काय? डॉक्टर म्हणाले, नव्या गोळीने नखांना बहुधा कमी त्रास होईल. घरी आल्यावर तिने माळ्यावरचा कोयता काढायला सांगितला, आणि तो बोथट झाला आहे म्हणून जावयाला धार लावून आणायला पाठवले.