गाडी जुनी चालेल, हेल्मेट नवंच

पन्नास हजारांत पहिली मोटारसायकल घ्यायची ठरली की घरातली चर्चा ठरलेल्या वाटेनं जाते. शंभर सीसीची घ्यायची की दीडशेची, ॲव्हरेज किती देईल, पहिला मालक कोण. हेल्मेटचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, आणि रस्त्याकडेच्या ढिगातलं एखादं उचलू, पोलिसानं अडवलं नाही म्हणजे झालं, इथं मिटतो. मला हा क्रम साफ उलटा वाटतो. आधी हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांचे पैसे बाजूला काढावेत. मग गाडी नावावर करणं, विमा आणि गाडी हातात येताच निघणारी कामं यांचे काढावेत. उरेल त्यात बसेल ती गाडी घ्यावी. ती दोन वर्षं अधिक जुनी किंवा पन्नास सीसीनं लहान निघाली तरी बिघडत नाही, कारण जुन्या गाडीची किंमत जितक्या वेगानं उतरते तितक्या वेगानं तिचं काम उतरत नाही. नीट ठेवलेली स्प्लेंडर किंवा शाइन सहा वर्षांची असो की आठ, ऑफिसला सारखीच नेते. तिचे पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात आणि ती उघडायला कुठलाही मेकॅनिक बिचकत नाही. मधल्या दोन वर्षांत जे काही हजार वाचतात, तेवढ्यात आयएसआय मार्कचं चांगलं फुलफेस हेल्मेट आणि हातमोजे येतात.

हेल्मेटचं गणित याच्या बरोबर उलटं चालतं. बाहेरचं कवच आपल्याला दिसतं, पण डोकं वाचवतो तो आतला थर्माकोलचा जाड थर. आपटल्यावर तो दबतो आणि दबता दबता धक्का खातो. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, आणि वरून रंग शाबूत असला तर हे कळायला मार्ग नसतो. म्हणून जुनं हेल्मेट निम्म्या किमतीत मिळालं तरी त्यात नेमकं किती संरक्षण उरलंय हे विकणाराही सांगू शकत नाही. गाडी विकताना पुष्कळ जण 'हेल्मेट फ्री देतो' म्हणतात. ते नमस्कार करून परत द्यावं. नवं घेताना डोक्यात घालून, पट्टा बांधून, हनुवटीला धरून डावीउजवीकडे हलवून बघावं. हेल्मेटबरोबर गालाची कातडीही हलली तर माप बरोबर. हेल्मेटच फिरलं तर कितीही महागाचं असो, ते आपलं नाही. 1 जून 2021 पासून बीआयएस मानकात न बसणारं दुचाकी हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी पदपथावर तसला माल मिळतोच. नुसत्या स्टिकरवर विसंबू नये, आत बोट घालून थर्माकोल खरोखर आहे ना ते चाचपावं.

यावर नेहमीचा आक्षेप पुण्यात तर हमखास ऐकू येतो, शहरात चाळिसाच्या वर जातंय कोण? पुण्याचा हेल्मेटसक्तीला विरोध जुना आहे आणि त्यातला गर्दीचा, उकाड्याचा, सोबत वागवण्याच्या कटकटीचा मुद्दा मी खोटा मानत नाही. मात्र वेगाचा मुद्दा टिकत नाही. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून ते सरळ खाली पडलं तर रस्त्याला लागताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास भरतो, मग गाडी उभी का असेना. देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं गेली, त्यातली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची. हेल्मेटवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की त्यामुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी घटतो. उकाड्याला उत्तर आहे, जाळीचं जॅकेट. पण बजेट खरंच आवळलेलं असेल तर जॅकेट सहा महिने थांबू शकतं, हेही मी म्हणेन. हातमोजे थांबू शकत नाहीत, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चांगली गाडी हीच सुरक्षितता नाही का? एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. मग हेल्मेटच्या नादात जुनी, एबीएस नसलेली गाडी गळ्यात मारून का घ्यावी? बरोबर आहे, म्हणूनच मी टायर आणि ब्रेक 'गाडी'च्या खात्यात धरत नाही, हेल्मेट-हातमोज्यांच्या खात्यात धरतो. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी एवढ्या जुन्या टायरचं रबर कडक होऊन गेलेलं असतं, तेव्हा दोन टायरांचे पैसे सौद्यातून वजा करूनच बोलावं. गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगावं की चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून बघावा. ते गरम असेल तर थंड गाडी सुरू व्हायला काय त्रास देते हे कोणीतरी लपवतंय. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी ठेवावं आणि हँडल हळूहळू फिरवावं. मधोमध खट्कन अडलं तर कोन सेट गेला. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाची कड दिसली तर ऑइल सील गेलं. ही दोन्ही कामं किरकोळ, घासाघीस करायला उपयोगी. हँडल सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर मात्र चेसिस वाकल्याची शंका घ्यावी आणि तिथून निघावं, किंमत कितीही पाडून देत असले तरी. किलोमीटरच्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. गिअरच्या पायाचं रबर आणि सीटचं कव्हर जास्त खरं बोलतात.

कागदांच्या बाबतीत स्वस्त सौदा सगळ्यात महाग पडतो. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही, आरसीवर नाव चढायला हवं. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला असतो, तो फॉर्म 35 आणि बँकेच्या एनओसीशिवाय उतरत नाही. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का बघावं, नसेल तर आरटीओतली कामं अडतात. चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून घ्यावा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, कायद्याच्या नजरेत तोच मालक. त्यामुळे नाव बदलण्याची घाई खरं तर विकणाऱ्यानं करायची असते, पण विमा आपल्या नावावर नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, म्हणून घेणाऱ्यानंही ढिलाई करू नये.

एक खर्च मात्र जवळपास प्रत्येक बजेटमधून गळतो, मागे बसणाऱ्याचा. कायद्यानं हेल्मेट दोघांनाही लागतं. आई, बायको, मित्र, कोणीतरी मागे बसणारच असतं आणि त्यांच्या डोक्याचं माप वेगळं. तेव्हा सुरुवातीला बाजूला काढायचे पैसे दोन हेल्मेटांचे धरावेत. ते जमत नसेल तर लेगगार्ड, सीट कव्हर आणि आवाज करणारा सायलेन्सर यांच्या यादीवर आधी काट मारावी.