आवाज गेला कुठे?

शुक्रवारी रात्री साडेनऊ-दहाला मी नाशिकच्या घराची बेल वाजवली. एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी पर्समधली किल्ली शोधून दार उघडलं. बाबा हॉलमध्येच होते, टीव्हीसमोर. पडद्यावर 'अशी ही बनवाबनवी' चालू आणि घरात मात्र चिडीचूप! १९८८चा हा सिनेमा बाबांनी किमान पन्नास वेळा तरी बघितला असेल. संवाद तोंडपाठ. ते स्वतःशीच ओठ हलवत होते आणि योग्य जागी हसतही होते.

"बाबा, म्यूट का केलंय?"

ते दचकलेच. मग माझ्याकडे बघत त्यांनी जे विचारलं, ते ऐकून मीच म्यूट झाले.

"म्हणजे तुलाही ऐकू येत नाहीये?"

सोमवारपासून टीव्हीला आवाज नव्हता. पाच दिवस! आई ताईच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली, त्यामुळे घरात दुसरं कोणी नाही. आणि या पाच दिवसांत मी तीनदा फोन केला होता. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "मी मजेत."

आता थोडं या टीव्हीबद्दल. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, तेव्हा माझा म्हातारा डेस्कटॉप भंगारात टाकायचा की काय, असा प्रश्न होता. फ्रीलान्सर माणसाला काहीही टाकवत नाही. मी त्यावर उबुंटू टाकलं, त्यावर कोडी नावाचं फुकटातलं मीडिया सेंटर बसवलं, घरातल्या सगळ्या जुन्या डीव्हीडी कॉपी केल्या आणि एचडीएमआय केबलनं तो बाबांच्या टीव्हीला जोडला. बाबा जाम खूश. मीही. ठाण्यात बसून आपण घरासाठी काहीतरी करतोय, असं वाटण्याची ही स्वस्तातली सोय.

असो. मी बॅग तशीच टाकली आणि कामाला लागले. टीव्हीचा व्हॉल्यूम बघितला, तर चक्क शंभर! केबल काढून पुन्हा लावली. पण चित्र येतंय म्हटल्यावर केबलवर संशय घेण्यात फारसा अर्थ नव्हता, कारण चित्र आणि आवाज एकाच वायरीतून येतात.

लिनक्सवर आवाज येत नाही तेव्हा बहुतेक वेळा काही मोडलेलं नसतं. आवाज असतो, फक्त भलतीकडे चाललेला असतो. आपल्या सोसायटीचं पाणी आठवा. गच्चीवर टाकी, मजल्यावर व्हॉल्व्ह, घरात नळ. यातलं एक जरी बंद असलं तरी बादली कोरडी. इथे सगळ्यात खाली असतं अल्सा, जे थेट साउंड कार्डशी बोलतं. त्याच्यावर पूर्वी पल्सऑडिओ असायचं, नव्या उबुंटूत पाइपवायर असतं. आणि सगळ्यात वर कोडी, ज्याची स्वतःची वेगळी सेटिंग. प्रत्येकाचा नळ वेगळा!

टर्मिनल उघडून आधी 'एप्ले' ही कमांड दिली. तिच्यापुढे डॅश आणि एल लावला की कॉम्प्युटरला कोणकोणती साउंड कार्डं दिसतायत त्याची यादी येते. दोन्ही दिसली, मागच्या हिरव्या भोकाचं अ‍ॅनालॉग आणि टीव्हीकडे जाणारं एचडीएमआय. म्हणजे हार्डवेअर ठणठणीत. मग 'अल्सामिक्सर'. त्यात एखाद्या पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर ती म्यूट आहे असं समजायचं आणि कीबोर्डवरचं एम दाबायचं. तेही नव्हतं. मग मी माझा हेडफोन सरळ हिरव्या भोकात खुपसला आणि सिनेमा लावला.

आवाज तिथे होता! टीव्हीकडे जायचा सोडून बिचारा पाच दिवस एका रिकाम्या भोकातून वाहत होता.

"बाबा, तुमचे कान शाबूत आहेत. हे बघा!" मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. मला माझी हुशारी दाखवायची होती, म्हणून स्पीकर टेस्ट लावली. त्यात एक आवाज आधी डावीकडून 'फ्रंट लेफ्ट' म्हणतो, मग उजवीकडून 'फ्रंट राइट'.

'लेफ्ट'ला बाबांनी मान डोलावली. 'राइट'ला ते माझ्याकडे बघतच राहिले.

"लावतेयस ना?"

वाटलं, हेडफोन गेला. जुनाच आहे. म्हणून मी तो उलटा चढवला, डावा उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर. केबल बदलून बघतो ना, तसंच. या वेळी 'लेफ्ट'ला बाबा गप्प राहिले आणि 'राइट'ला त्यांनी मान डोलावली. म्हणजे हेडफोन ठीक होता. उजवा कान ठीक नव्हता.

दोघंही थोडा वेळ काहीच बोललो नाही.

मग हळूहळू बाहेर आलं. चार-सहा महिने झाले होते. टीव्हीचा आवाज आधी तीस, मग पन्नास, मग ऐंशी. फोन कायम डाव्या कानाला. समोरचा बोलतोय हे कळायचं, काय बोलतोय ते नाही. आणि सोमवारी शंभरवरही काही येईना, तेव्हा त्यांना वाटलं, झालं, आता टीव्हीही गेला आपल्यासाठी.

"अहो पण मला फोन करायचा ना!"

"काय सांगणार? मशीन बिघडलंय म्हटलं असतं आणि ते चांगलं निघालं असतं तर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मास कॉम केलंय. लोकांना बोलतं करणं हे माझं काम. आणि फोनवर दर दोन वाक्यांनी येणारं बाबांचं ते "हं, हं" मला महिनोन् महिने ऐकू आलं नव्हतं.

टीव्हीची दुरुस्ती नंतर दोन मिनिटांत झाली. कोडीच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, तिथे ऑडिओ आणि त्यात आउटपुट डिव्हाइस. अ‍ॅनालॉगच्या जागी एचडीएमआय निवडलं. सोमवारी लाइट गेले होते. परत आले तेव्हा कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला, टीव्ही मात्र बंद होता. समोर टीव्हीच नाही म्हटल्यावर आवाजानं बहुधा दुसरी वाट धरली. तेव्हा आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर, हा क्रम लक्षात ठेवा. आणि हो, ओके दाबण्याआधी व्हॉल्यूमही कमी करा. मी विसरले आणि रात्री अकरा वाजता अख्ख्या मजल्याला सिनेमा ऐकवला.

शनिवारी सकाळी आम्ही ईएनटीकडे होतो. उजव्या कानात मळ घट्ट बसलेला होता, तो काढला. मग काचेच्या केबिनमध्ये ऑडिओमेट्री. हेडफोनमध्ये बीप ऐकू आली की बटण दाबायचं. थोडक्यात, आमचीच स्पीकर टेस्ट, फक्त नीट केलेली. मळ निघाल्यावर उजवा कान बराच उघडला, पण दोन्ही कानांत वरच्या पट्टीतले आवाज कमी झालेत. वयामुळे आधी तेच जातात. स, श, फ सारखी अक्षरं गळतात आणि म्हणून बोलणं ऐकू येतं पण समजत नाही. आता हिअरिंग एडची ट्रायल घ्यायची आहे. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते तुमच्याही घरी सांगून ठेवा. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. मळच असेल असं म्हणत बसलो तर उपचाराची वेळ निघून जाते.

परवा बुधवारी दुपारी बाबांचा फोन आला. मी एका इंटरव्ह्यूच्या मधोमध होते. तरी उचलला.

"अगं, टीव्हीचा आवाज गेलाय. लाइट गेले होते. आधी टीव्ही लावला होता, तरी गेला."

पुन्हा काय बिघडलंय देव जाणे. या वीकेण्डला जाऊन बघेन. पण त्यांनी त्याच दिवशी फोन केला, याचा मला जाम आनंद झालाय.