नानींचा ट्रेलर

शाळेत तरफेचा धडा शिकवायला घेतला, की मी फळ्यावर कात्री, अडकित्ता आणि पहार यांच्या शेजारी एक चौथे चित्र काढते. दोन चाके, त्यांवर एक पेटी आणि पुढे लांब दांडा. मुली विचारतात, "टीचर, ही बैलगाडी आहे का?" मी म्हणते, "बैलगाडीचीच धाकटी बहीण आहे. हा आमच्या नानींचा ट्रेलर आहे."

२००३ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. आठवीची परीक्षा देऊन मी मिरजेला आजोळी गेले होते. मामूंचे वेल्डिंगचे वर्कशॉप घराच्या अंगणातच होते. उसाच्या ट्रॉल्या तिथे दुरुस्तीला येत. मे महिन्यात कारखान्यांचा हंगाम संपलेला असे, त्यामुळे काम जरा कमी होते.

नानींचे माहेर कोकणात, रत्नागिरीच्या दक्षिणेला एका खाडीच्या काठी. त्यांचे भाऊ मुंबईला गेले, घर रिकामे पडले आणि दरवर्षीच्या पावसात हळूहळू कोसळले. जांभ्या दगडाचा चौथरा तेवढा उरला. "त्या चौथऱ्याशेजारी एक रात्र काढावी, सकाळी अम्मी-अब्बांच्या कबरीवर फातिहा पढावी, एवढीच इच्छा आहे," असे नानी नेहमी म्हणत. पण गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसता-उठता येत नसे. दुसऱ्यांच्या घरी मुक्काम करून त्यांना त्रास द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. शेवटी मामू म्हणाले, "ठीक आहे, मग आपण घरच बरोबर नेऊ!"

मामूंकडे एक जुनी जीप होती. तिच्यासाठी त्यांनी एका सरकारी खात्याच्या लिलावातून तसाच जुना ट्रेलर आणला. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते, म्हणून त्यांनी आधी कागद पाहिले आणि मग लोखंड पाहिले. असे पाव टनाचे ट्रेलर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जीपसाठी बनू लागले. त्यांची चाके जीपच्याच मापाची असतात आणि तेवढ्याच अंतरावर असतात. त्यामुळे कच्च्या वाटेवर जीपच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीतूनच ट्रेलर मागे येतो आणि जीपचे जादा चाक दोघांनाही चालते.

पंधरा दिवस अंगणात ठिणग्या उडत होत्या. मामूंचा शागिर्द एकोणीस वर्षांचा होता आणि मामूंपेक्षा वीतभर उंच होता, तरी सगळे त्याला छोटूच म्हणत. त्याने गंजलेला तळ कापून नवा पत्रा बसवला. कमानपाटे सोडवून घासले, तेल दिले आणि पुन्हा नटबोल्टांनी आवळले. ट्रेलरच्या झाकणाचा पलंग झाला. तो कमरेच्या उंचीवर उघडे आणि त्यावर पाइपांच्या चौकटीवर ताडपत्री ताणली जाई. चारही कोपऱ्यांना खाली सोडता येणारे लोखंडी पाय लावले. दांड्याच्या टोकाला जाड कडी होती. ती जीपच्या हुकात सैल फिरत असे, म्हणजे ट्रेलरचे एक चाक दगडावर चढले तरी जीप तिरपी होऊ नये. हुक निसटलाच तर दांडा जमिनीवर आपटू नये, म्हणून खालून दोन साखळ्या एकमेकींवरून फुली करून बांधल्या.

मागच्या बाजूला शेगडी, भांडी आणि सिलिंडर ठेवण्याचा कप्पा होता. हे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होते आणि मला त्याचा मोठा अभिमान वाटत होता. एकच गोष्ट मनाला पटत नव्हती. ३५ लिटरचे पाण्याचे दोन कॅन मामूंनी अगदी पुढे, दांड्याकडच्या बाजूला ठेवले होते. शेगडी मागे आणि पाणी पुढे! हा कुठला शहाणपणा? निघण्याच्या आदल्या रात्री मामूंनी सगळे सामान भरून पाहिले. भंगारवाल्याकडून आणलेल्या काट्यावर दांड्याचे टोक ठेवले आणि वजन घेतले. "५३ किलो. छान," असे म्हणून ते जेवायला गेले. जेवणानंतर मी ताईला हाताशी घेतले, दोन्ही कॅन ओढत मागे नेले, शेगडीशेजारी ठेवले आणि वरून चटई टाकली.

पहाटे मामू म्हणाले, "आधी एक चक्कर मारून येऊ, मग अम्मीला बसवू." जीपमध्ये छोटू पुढे बसला, मी मागे. गावाबाहेर उतार लागला. वेग ताशी ५० किलोमीटर असेल. एकाएकी ट्रेलर डावीकडे झुकला, मग उजवीकडे, मग अधिक जोराने डावीकडे. शेपटीने कुत्रा हलवावा तसा तो जीपला हलवू लागला. समोरून एस.टी. येत होती. मामूंनी ब्रेक मारला नाही. पाय अलगद काढून घेतला आणि स्टिअरिंग घट्ट, सरळ धरले. एस.टी. अगदी जवळून निघून गेली. वेग उतरला तसे हेलकावे थांबले. आम्ही तिघेही बराच वेळ काही बोललो नाही.

घरी येताच मामू ट्रेलरखाली शिरले. सांधे पाहिले, पाटे पाहिले, चाके फिरवून पाहिली. "वजन मी स्वतः मोजले आहे," ते म्हणाले, "म्हणजे बोल्टच ढिले राहिले असणार. छोटू, आज अम्मी गाडीत असती तर?" छोटू मान खाली घालून उभा होता. तो एवढेच म्हणाला, "उस्ताद, मी आवळले होते." मामूंनी उत्तर दिले नाही. कोकणात जाणे रद्द झाल्याचे त्यांनी जाहीर केले.

नानी दारात खुर्चीवर बसून सगळे ऐकत होत्या. त्यांनी नुकतीच नवी ओढणी घेतली होती. ती खांद्यावरून काढून घडी घालता घालता त्या सहज म्हणाल्या, "गाडी उलाळ तर नाही ना झाली? आमच्या बैलगाडीत मागे गवत जास्त झाले, की जू वर उचलले जायचे. अब्बा लगेच ओझे पुढे सारायचे."

माझे हातपाय गार पडले. मामूंचा काटा, पुढे ठेवलेले पाणी, ५३ किलो, सारे एका क्षणात कळले. गप्प राहिले असते तर कोणाला काही समजलेही नसते. रात्री कॅन गुपचूप पुढे नेता आले असते. पण छोटू अजून तसाच उभा होता. मी म्हणाले, "मामू, कॅन मी मागे नेले आहेत."

मामूंनी माझ्याकडे पाहिले, ताडपत्री उघडली, चटई उचलली. मग काहीही न बोलता काटा आणून दांड्याखाली ठेवला. काटा ४ किलोवर थांबला.

"वही आण," मामू म्हणाले. त्यांनी मलाच हिशोब करायला लावला. दोन कॅनचे पाणी ७० लिटर, म्हणजे ७० किलो. ते मी १.४ मीटर मागे सरकवले होते. चाकांच्या आसापासून हुकापर्यंतचे अंतर २ मीटर. सत्तर गुणिले १.४, भागिले दोन. उत्तर आले ४९. त्रेपन्नातून एकोणपन्नास गेले, उरले चार. ट्रेलरच्या एकूण वजनाचा निदान दहावा हिस्सा पुढच्या हुकावर हवा. आमचा भरलेला ट्रेलर ४५० किलोंचा होता, म्हणजे ४५ किलो तरी हवे होते. पुढचे टोक हलके झाले, की मागचा भाग डोलू लागतो आणि जीपलाही ओढतो. ट्रेलरमधले सामान तेच होते, एक भांडेही वाढले नव्हते.

मी छोटूची माफी मागितली. तो लाजून म्हणाला, "जाऊ दे, कॅन धर." मामूही त्याच्याजवळ गेले. आपल्या शागिर्दाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "न पाहता बोललो. माझेही चुकले." उस्तादाला असे बोलताना मी प्रथमच ऐकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. नानी पुढे, मामूंच्या शेजारी. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचे नाही, हा मामूंचा नियम होता. आंबा घाट लहान गिअरमध्ये सावकाश उतरलो. शेवटी कातळावरची लाल, खडबडीत वाट लागली. मी मागे वळून पाहत होते. ट्रेलर उसळत होता, पण चाकोरी सोडत नव्हता.

संध्याकाळी चौथऱ्याशेजारी पलंग उघडला. दोन पायऱ्यांची शिडी लावून नानी वर चढल्या. खाडीवरून वारा येत होता. "इथे आमचे माजघर होते," नानी बोट दाखवून सांगू लागल्या, "आणि तिथे अम्मीची चूल."

मी चहा करायला घेतला. शेगडी मागे होती आणि पाणी पुढे. तांब्या घेऊन त्या रात्री मी ट्रेलरभोवती कितीतरी फेऱ्या मारल्या. एकदाही कंटाळा आला नाही.