दोघीही सिस्टरच, पण शिक्षण वेगळे

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. थोरली एएनएम, धाकटी जीएनएम. वस्तीतल्या आयाबाया दोघींनाही 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात. बारावीचा निकाल लागला की त्यांचा एकच प्रश्न असतो, "पोरीला नर्सिंगला घालायचं, पण कोणत्या?" म्हणून हे चार शब्द.

एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. सरकारी नोकरीत तिलाच आरोग्यसेविका म्हणतात. थोरली १९९६ साली शिकायला गेली तेव्हा दहावी पास मुलीला प्रवेश मिळे आणि अभ्यासक्रम दीड वर्षाचा होता. आता बारावी लागते आणि दोन वर्षे शिकावे लागते. प्रवेश फक्त मुलींना. जीएनएम धाकटीच्या वेळी साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे. त्यालाही बारावी लागते, शास्त्र शाखेला पसंती असते. दोघींची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडेच होते, पण नोंद वेगवेगळी.

हा भेद आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत 'लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स' साधारण एक वर्ष शिकते, 'रजिस्टर्ड नर्स' दोन ते चार वर्षे. दोघींच्या परवान्याची परीक्षाही वेगळी.

आमच्या घरी ही निवड हुशारीवर झाली नाही, ती चुलीवर झाली. वडील रोजंदारीवर, खाणारी तोंडे सहा. दीड वर्षात घरात पगार येईल म्हणून थोरली एएनएम झाली. तिच्याच पगारातून धाकटीची फी भरली गेली. आणि आज लग्नकार्यात पाहुणे म्हणतात, "धाकटी मोठी नर्स, थोरली छोटी नर्स." हे ऐकून आम्हा दोघींच्याही जिवाला लागते.

थोरलीचे काम बघा. सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ, आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष. गरोदर बाईची नोंद, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, लेकरांच्या लसी, सारे तिच्याकडे. लस २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागते. गोवर-रुबेलाची कुपी एकदा तयार केली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. एखाद्या गरोदर बाईचा रक्तदाब चढला, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे ओळखून तिला वेळेवर पुढे पाठवले तर दोन जीव वाचतात. हे काम छोटे कसे?

धाकटी मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, शिरेतून द्यायची औषधे, अतिदक्षता विभाग. रक्त चढवताना रुग्णाला हुडहुडी भरली तर ते ताबडतोब थांबवून डॉक्टरांना बोलवायचे. पाळी संपली की एकेका खाटेची माहिती पुढच्या सिस्टरला द्यायची. या जबाबदारीसाठीच ती जास्त वर्षे शिकली. तेवढे न शिकलेल्या मुलीवर असा वॉर्ड एकटीवर सोपवणे हा रुग्णावरही अन्याय आणि त्या मुलीवरही.

खरा धोका पुढेच आहे. आमच्या शेजारची एक मुलगी सहा महिन्यांच्या 'नर्सिंग कोर्स'ला गेली. आईने कानातले मोडून फी भरली. रंगीत प्रमाणपत्र मिळाले, पण त्यावर कौन्सिलची नोंदणी होत नाही. आज ती एका खाजगी दवाखान्यात बारा-बारा तास उभी असते. पांढरे कपडे घालते, इंजेक्शन देते, पगार मात्र झाडूवालीइतका. उद्या काही बिघडले तर मान तिचीच अडकणार. ती ना एएनएम, ना जीएनएम.

म्हणून मायबापहो, फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. संस्थेला या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का? परीक्षा सरकारी मंडळाची आहे का? पास झाल्यावर कौन्सिलची नोंदणी मिळेल का? उत्तर संस्थेच्या तोंडून घेऊ नका, थेट कौन्सिलकडे चौकशी करा.

एएनएम झाली म्हणजे वाट संपली असेही नाही. नोंदणी झालेल्या एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो. जीएनएमनंतर दोन वर्षांत बी.एस्सी. करता येते. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र असेल तर चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग थेट करता येते. पैशाची निकड असेल तर पोरीला आधी एएनएम करा, पण पुढचे शिकायचे दार लावून घेऊ नका. आणि ती पगार आणू लागली की तिच्या पुढच्या फीसाठी त्यातले चार पैसे तिच्याच नावावर बाजूला टाका.